मामा, मुलीला आणा

वाडी (विटा),
१४ एप्रिल २०२१

ति. मामांना नमस्कार.

कसे आहात, असं विचारायची पद्धत असते म्हणून विचारते. माझं मात्र विचारू नका. मी संतापलेली आहे आणि संतापातच हे लिहितेय. फोन केला असता, पण आईचा बटणांचा फोन स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात असतो आणि तिथं बोललेलं सगळ्या घराला ऐकू जातं. तुम्ही फौजेत होता तेव्हा आपण पत्रं लिहायचो ना, तसंच समजा.

परवा जाहीर झालं, बारावीची परीक्षा पुढं ढकलली. कधी घेणार? नंतर कळवू म्हणतात! वर्षभर मी कॉलेजची पायरी चढलेली नाही. साताऱ्याच्या होस्टेलवर माझी गादी, बादली आणि भिंतीला चिकटवलेलं वेळापत्रक गेल्या मार्चपासून तसंच पडलंय. तिथं पहाटे उठायचे, अजिंक्यताऱ्यावर उजेड यायच्या आत दोन धडे व्हायचे. इथं उठले की शेण, मग चहा, मग भाकरी, मग पुन्हा चहा.

चहाचं सांगते. आमच्या घरात पुरुष माणूस म्हणजे जत्रेला येणारं माणूस. पप्पा आणि काका कानपूरला, सोनं गाळायच्या दुकानात. आठ दिवस येणार, पेढे आणणार, ओरडणार, जाणार. तुमच्या बहिणीचा सगळा संसार असाच झाला. गेल्या लॉकडाऊनला आले ते दिवाळीपर्यंत हलले नाहीत, आणि आता गाड्या पुन्हा बंद होतील म्हणून परत आलेत. गावातल्या सगळ्याच गलाईवाल्यांचं तसं. माडीवरची माझी खोली गेली. तिथं दिवसभर पत्ते चालतात. "दर्शू, च्या टाक गं," एवढंच माझं नाव उरलंय. आणि जिन्यातून खाली मास्क टाकतात, तेही मीच धुवायचे!

फोन घरात एकच चांगला, तो आमच्या धाकट्याकडं, शंभूकडं. त्याची दहावी म्हणून. त्याची दहावी मला माहीत आहे, दिवसभर बंदुकीचा आवाज येत असतो त्या दहावीतून. मला फोन मिळतो तो दुपारी, चार्जिंग संपत आलेला. तो घेऊन मी माळावर पवनचक्कीच्या बुडाशी जाते, कारण रेंज तिथंच येते. सर म्हणतात, "मुलांनो, ऐकू येतंय का?" वर ती पाती घुंई घुंई करतात. मी 'हो' लिहिते. खोटं लिहिते.

काल तर कहर झाला. तानाजीअण्णा आले होते, पप्पांच्या शेजारच्या दुकानाचे मालक. बरोबर त्यांची म्हातारी आई बनाबाई आणि मुलगा जयराज. म्हातारीनं मला जवळ बसवून हात दाबून बघितला, जनावर पारखतात तसा, आणि पप्पांना म्हणाली, "च्या झ्याक केलाय पोरीनं." पप्पा खूश. मी रसायनशास्त्राचं पुस्तक मांडीखाली घेऊन बसलेली.

मामा, पुण्याच्या मिलिटरी हॉस्पिटलात तुमचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हाची गोष्ट तुम्हीच सांगितली होती. माझ्यापेक्षा थोडी मोठी पोरगी, खांद्यावर लेफ्टनंटचे तारे, आणि तुम्ही सुभेदार असून तिला सॅल्यूट मारला. तेव्हापासून मी सैन्यातल्या नर्सिंगच्या परीक्षेचंच डोक्यात घेतलंय. पण अभ्यास करू कुठं? गोठ्यात?

ह्या घरातून मला एकदाची सोडवा. कुठंही चालेल.

तुमची,
प्रियदर्शनी

*

खंडाळा,
२५ एप्रिल २०२१

चि. दर्शू हिस अर्जुनामामाचे आशीर्वाद.

तुजं पत्र लय दिवसांनी घावलं. पाकीट फोडताना हात भाजला गं! बापाचा राग आन् मामाचं तोंड, दोन्ही तुज्यात उतरलंय.

मी बरा हाय. माजी सैनिक म्हणून पोलिसांच्या मदतीला बोलावलंय, तवा नीरेच्या पुलावरल्या नाक्यावर उभा असतो. ज्याच्याकडं पास त्यो जाणार, न्हाई त्यो माघारी. लोक लय हुज्जत घालत्यात. लगनाची वऱ्हाडं तर इचारू नगंस. पंचवीस माणसं आन् दोन तास, असा सरकारचा हुकूम. नवरदेव गाडीत घामानं भिजलेला आन् करवली पासाच्या झेरॉक्सनं वारा घालतीय.

अभ्यासाला जागा न्हाई म्हणतीस. फौजेत आमी तंबूत बॅटरीच्या उजेडात परीक्षा दिल्यात. मानसाला इच्छा पायजे. थोडी सबुरी धर.

आन् आता गोड बातमी. परवाच दाजींचा फोन आला. तानाजीअण्णाच्या जयराजचं स्थळ तुला सांगून आलंय, अक्षय तृतीयेला बार उडवायचा म्हनले. मला इचारलं, मामाचं काय म्हननं? तूच लिवलं हुतंस की, या घरातनं सोडवा, कुठंबी चालंल. म्या म्हनलं पोरगी तयार हाय, माजी ना न्हाई. मुलगा निर्व्यसनी, सोताचं दुकान. नर्सिंगचं मागनं बघू, कानपूरला छावणी बी हाय.

मामा तुज्या पाठीशी उभा ऱ्हानार. नवा फेटा काढून ठेवलाय.

तुजा,
अर्जुनामामा

*

वाडी,
३० एप्रिल २०२१

मामा,

नमस्कार आज नाही.

मी अभ्यासाला जागा मागितली होती. नवरा मागितला नव्हता!

तुमचं पत्र यायच्या आधीच मला कळलं, आणि कसं कळलं तेही ऐका. पप्पांनी तुम्हाला फोन केला तेव्हा मी चुलीपुढं होते. फोन स्पीकरवर होता. "पोरगी तयार हाय," तुमचाच आवाज. माझ्या हातातली भाकरी तव्यावर करपली. पप्पा माझ्याकडं बघून म्हणाले, "ऐकलंस? मामा बी हो म्हनला." म्हणजे त्यांना शंका होती, मामा! त्यांनाही वाटत होतं की तुम्ही तरी नाही म्हणाल. तुम्ही ती शंकासुद्धा ठेवली नाही.

मी म्हटलं, मला नको. काका हसले. पप्पा म्हणाले, "समदी हायत तवर उरकून घिऊ. एकदा दुकानं उघडली की कोन कवा गावाकडं येतंय?" म्हणजे माझं लग्न माझ्या वयावरून ठरत नाही, माझ्या मनावरून तर नाहीच. कानपूरच्या दुकानाचं शटर कधी उघडणार त्यावरून ठरतंय. गावात ह्या महिन्यात अशी किती तरी ठरली. माझ्या वर्गातली सुलभा गेल्या आठवड्यात सासरी गेली. ऑनलाइन वर्गात तिचं नाव अजून दिसतं, सर हजेरीला हाक मारतात, आणि सगळ्यांना माहीत असून कुणी बोलत नाही.

मी म्हटलं, मला नोव्हेंबरात अठरा पूर्ण होतात, हे कायद्यात बसत नाही. त्यावर पप्पा काय म्हणाले माहीत आहे? "पंचवीस माणसांत जन्मतारीख कोन इचारतंय?" सरकारनं आजार पसरू नये म्हणून माणसं कमी केली, ह्यांना वाटलं साक्षीदार कमी केले!

मग मी म्हटलं, सैन्यातल्या नर्सिंगला लग्न झालेली मुलगी घेत नाहीत, अर्जाची अटच आहे तशी. शंभू फोनमधनं डोकं वर न काढता म्हणाला, "मग नको भरू अर्ज." लगावून द्यावीशी वाटली.

आई काही बोलत नाही. दुपारी मी पवनचक्कीकडं निघाले तर तिनं शंभूच्या हातातून फोन काढून माझ्या हातात दिला, तोही चार्ज असताना, एवढंच. आजवर तिनं असं केलं नव्हतं.

जयराज वाईट नाही. परवा तो माळावर भेटला, मास्क हनुवटीला. म्हणाला, "मला बी एवढ्यात नको हाय. पर बापाम्होरं बोलायची माजी टाप न्हाई." मी म्हटलं, मग मी काय करू, आरती ओवाळू तुझी? मास्क वर ओढून निघून गेला.

आता आमच्या घरी तुमचं नाव पुरावा म्हणून चालतं. मी काही बोलले की 'मामानं शब्द दिलाय'. तो शब्द मागं घ्या. एवढंच मागते. फोन करा आणि सांगा की माझी समजूत चुकली.

प्रियदर्शनी

*

खंडाळा,
४ मे २०२१

चि. दर्शू,

पत्र वाचलं. दोनदा वाचलं. तू म्हनतीस ते खरं हाय, म्या उलटं समजलो. तुला इचारायला पायजे हुतं.

पर पोरी, माजी बी अडचन समजून घे. दाजींना शब्द दिऊन बसलोय. भनीचं घर हाय ते. उद्या मी फिरलो तर तुज्या आईला त्या घरात रोज ऐकून घ्यावं लागंल, मी हितं खंडाळ्यात, तिच्यासाठी बोलायला कोन? मामानं पोरीला धरून उभं ऱ्हायाचं असतं, आडवं पडायचं नसतं. आमच्या वडलांनी ह्येच शिकवलं.

माज्या नावाचा पास बी आलाय, दाजींनीच काढला. त्येराला सकाळी निघन. आल्यावर बसून बोलू. तवर डोस्कं शांत ठेव, काय बी वेडंवाकडं करू नगंस.

अर्जुनामामा

*

वाडी,
७ मे २०२१

मामा,

तेराला येऊन काय बोलणार? तेराला हळद आहे.

वेडंवाकडं करू नकोस म्हणता. करणार नाही. विहिरीत उडी टाकणार नाही, कुणाबरोबर पळणार नाही. वेडंवाकडं तुम्ही सगळे करताय आणि शांत राहायचं मी! वा रे वा.

आईची काळजी म्हणता. परवा रात्री जेवताना पप्पा मांडवाचं बोलत होते. आईनं एकच विचारलं, "परीक्षा झाल्यावर केलं तर?" सगळे असे बघायला लागले, जशी काही आमटीत माशी पडली. तिचं एवढं बोलणंही मी कधी ऐकलं नव्हतं. ती बोलली, मामा. तुमच्याविना बोलली. तेव्हा तिचं नाव पुढं करून लपू नका.

तुम्ही नाक्यावर उभे राहता. पास बघता, माणसं मोजता, पंचवीसची सव्वीस झाली तर गाडी मागं फिरवता. गाडीतल्या नवरीला कधी वय विचारलंत? तिला जायचंय का, एवढं तरी? पासावर त्याला रकानाच नाही ना!

आता नीट ऐका. चौदा तारखेला भटजी म्हणतील, "मामा, मुलीला आणा." तुम्ही नवा फेटा बांधून माझा दंड धराल. मी रडणार नाही. पण त्या पंचवीस माणसांच्या समोर मोठ्यानं विचारणार आहे, "मामा, मला कुठं नेताय?" उत्तर आत्तापासून तयार ठेवा.

आणि त्या लेफ्टनंट बाईंची गोष्ट पुन्हा कुणाच्या मुलीला सांगू नका. ऐकून पोरी ती खरी मानतात.

प्रियदर्शनी

*

खंडाळा,
१० मे २०२१

दाजी, सप्रेम नमस्कार.

हे पत्र दुधाच्या टँकरवाल्याच्या हाती देतोय. फोनवर मला नीट बोलता येनार न्हाई, तुमी वरडाल, मी बी वरडंन, आन् माजी भन अंबू मधी सापडंल.

काल नाक्यावर एक जीप अडवली. पास बरोबर, माणसं बरोबर. मागं नवरी बसल्याली. मी वाकून इचारलं, बाळ, तुजं वय काय? तिच्या बापानं सांगितलं, एकोणीस. मी म्हनलं तुमाला न्हाई, तिला इचारलं. त्या पोरीनं तोंड खाली घातलं. हवालदाराला सांगून जीप बाजूला घेतली, तर बाप माज्या अंगावर आला. म्हनला, "तू कोन? मुलीचा मामा हायस व्हय?"

दाजी, रातभर डोळ्याला डोळा न्हाई. मुलीचा मामा हाय की मी. एका मुलीचा तर हायच हाय.

म्या तुमाला शब्द दिला तो पोरीला न इचारता दिला. जी वस्तू माजी न्हाई ती दिल्याली. तवा तो शब्द खोटा, मी माघारी घेतो. तुमी मला काय बी म्हना. पोरगी सतरा वर्साची हाय, तिला शिकायचंय आन् तिला लगीन नको हाय, ह्ये तिनं तुमाला तोंडावर सांगितलंय. वर कायदा हाय तो येगळाच. येळ आली तर पोलिसांत मी सोता जाईन, पर भनीच्या दारात पोलीस आनायची पाळी माज्यावर आनू नगा.

त्येराला मी येनार. पासावर तुमीच कारण लिवलंय, 'मुलीचे मामा, विवाहकार्य'. येनार, जेवनार, अंबूला भेटनार. पर भटजी "मामा, मुलीला आणा" म्हनला की मी जाग्यावरनं उठनार न्हाई. फेटा घरीच ठेवलाय.

अंबूला ह्यावरनं एक शबुद जरी बोललासा तर ती बी माज्या गाडीवर बसंल, ह्ये ध्यानात ठेवा.

आपला,
अर्जुना

*

वाडी,
५ जून २०२१

ति. मामांना नमस्कार.

आज नमस्कार आहे. वाकून आहे. पण राग गेलेला नाही, ते आधीच सांगते.

तेराला संध्याकाळी तुम्ही लग्नाला न थांबताच निघून गेलात, त्यानंतरचं तुम्हाला आईनं फोनवर अर्धंच सांगितलं असेल. तुम्ही ओसरीवर मांडी ठोकून "मी उठनार न्हाई" म्हणालात, तेव्हा पप्पांना घाम फुटला, पण ते हरले नव्हते. तुमची गाडी वळणावर गेली आणि ते म्हणाले, "मामा न्हाई तर न्हाई. चुलता उभा ऱ्हाईल." काका लगेच तयार! फेटासुद्धा शोधायला लागले. मी आईकडं बघितलं. ती हळदीचं पातेलं घेऊन उभी होती, ते तिनं खाली ठेवलं.

तेवढ्यात तानाजीअण्णांकडची माणसं आली हळद घेऊन. पप्पांनी हसत हसत सांगितलं की मामाला नाक्यावर ड्यूटी लागली, काका उभा राहील. काय खोटं बोलतात! आणि मग आई बोलली. पदर खोचून म्हणाली, "ड्यूटी न्हाई. मामा रुसलाय. ह्ये लगीन नको म्हनून सख्खा मामा सांगून गेलाय."

बनाबाईनं हातातलं ताट तिथंच खाली ठेवलं. म्हणाली, "मामा जित्ता असून मामाबिगार पोरगी बोहल्यावर? आवं, आमच्यात आसलं अभद्र चालत न्हाई. नातवाचा संसार कसा हुईल? तानाजी, चल उठ." पप्पा हात जोडायला लागले. म्हातारी वळून बघेना. जयराज सगळ्यांत पुढं चालत होता, जाताना मास्कमागं हसत होता, मी बघितलं.

पंचवीस माणसांचं गोडाचं जेवण दुसऱ्या दिवशी वाडीनं खाल्लं. पप्पा अजून माझ्याशी बोलत नाहीत. आईला मात्र एक शब्द बोलले नाहीत, तुमच्या गाडीची भीती बसलीय.

मी सुटले. रात्री पोटभर रडले, आणि तेवढ्याच जोरात हसले. पण मामा, तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घुमतेय. मी 'नको' म्हटलं, ते कुणी ऐकलं नाही. माझं वय सांगितलं, कायदा सांगितला, अर्जाची अट सांगितली, सगळ्यांनी कान झाडले. आई बोलली तर आमटीत माशी. आणि तुम्ही रुसलात, एवढ्यानं मांडव उतरला! तुम्ही चांगले म्हणून मी वाचले. सुलभाचा मामा चांगला नसेल, किंवा तिला मामाच नसेल. मग तिनं काय करायचं?

आणि वरून हे बघा, परवा सरकारनं बारावीची परीक्षाच रद्द केली. जिच्यासाठी मी घर डोक्यावर घेतलं ती परीक्षाच नाही! पप्पा ते ऐकून एवढं मोठ्यानं हसले की काकांनी पत्ते टाकले. हसू देत. नर्सिंगची परीक्षा रद्द झालेली नाही. माडीवरची खोली आईनं मला परत दिली. पत्त्यांची चटई गोठ्यात नेऊन टाकली आणि कुलूप लावून किल्ली माझ्या हातात दिली. चहा आता शंभू करतो. पांचट करतो, पण सगळे गुमान पितात.

तुम्ही मला बोहल्यावर आणलं नाहीत, हे मी जन्मभर विसरणार नाही. पण तुम्हाला एक सांगून ठेवते. माझा निकाल लागेल, खांद्यावर तारे येतील, त्या दिवशी तो नवा फेटा बांधून या आणि समोर उभे राहा. मला दंडाला धरून कुणी आणायचं नाही. तुम्हीसुद्धा नाही. मी माझी चालत येईन.

तुमची,
प्रियदर्शनी